आंधळ्या उड्डाणाची विद्या

विमान चालविणे म्हणजे तीक्ष्ण दृष्टी, स्थिर हात आणि निर्भय मन यांचा संगम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे असे नाही. तथापि विमानविद्येचा इतिहास चाळला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ज्या वैमानिकांना धुक्याने अथवा ढगांनी गिळले, त्यांतील कित्येकांची दृष्टी तीक्ष्ण होती, हात कसलेला होता आणि धैर्याला तर सीमाच नव्हती. त्यांच्यापाशी उणीव होती ती एवढीच, की आपल्याच शरीराची साक्ष कोणत्या क्षणी खोटी ठरते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. हे शिकविण्याची रीत शोधून काढण्यास माणसाला सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि त्या पंचवीस वर्षांची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे यंत्र किटी हॉकच्या वाळूवरून प्रथम उडाले, तेव्हा त्यांना शिकविणारा कोणी नव्हता. आधी घसरविमानांवर केलेल्या असंख्य प्रयोगांतून त्यांनी स्वतःलाच शिकविले होते. परंतु पुढे विमाने विकली जाऊ लागली, शाळा निघाल्या, आणि शिष्याला शिकवावे कसे हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्समध्ये ब्लेरिओच्या शाळेतील विमानांत एकच आसन असे. शिष्याला प्रथम पंख छाटलेल्या विमानात बसवीत. हे विमान जमिनीवरून नुसते धावे. न उडणाऱ्या पक्ष्यावरून त्याला ‘पेंग्विन’ असे नाव पडले होते. मग थोडी उडी, मग सरळ लांब उडी, मग वळण, अशा पायऱ्यांनी शिष्य एकटाच वर जाई. चूक झाली तर ती दुरुस्त करण्यास शेजारी कोणी नसे.

त्या काळी वैमानिकांचा मोठा शत्रू म्हणजे विमानाचे भोवऱ्यासारखे गरगरत खाली येणे. त्यातून सुटका नाही, अशी पक्की समजूत होती. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदलाच्या अधिकाऱ्याचे विमान असेच गरगरू लागले. नेहमीचे सर्व उपाय थकल्यावर त्याने गिरकीच्या उलट दिशेला सुकाणू दाबले आणि जमीन अगदी जवळ आलेली असता विमान सरळ झाले. हा उपाय नशिबाने सापडला होता. तो प्रत्येक शिष्याच्या अंगवळणी पडण्यास आणखी पाच वर्षे जावी लागली.

ते काम करणारा पुरुष म्हणजे रॉबर्ट स्मिथ-बॅरी. १९१४ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे विमान कोसळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. तरीही तो पुन्हा उडू लागला. १९१६ मध्ये आघाडीवरील एका पथकाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. शाळेतून नवे वैमानिक येत, त्यांच्या गाठी उड्डाणाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तास असत, आणि थोड्याच दिवसांत ते मारले जात. मायदेशी शिक्षक तरी कोण होते? कोणी आघाडीवरून थकून आलेला, कोणी आघाडीवर जाण्याची वाट पाहणारा. शिष्यांना ते उपहासाने ‘हूण’ म्हणत, कारण शत्रूप्रमाणे हे शिष्यही आपली विमाने मोडतात! स्मिथ-बॅरीने वरिष्ठांना कडक पत्रे लिहिली. वरिष्ठांनी त्यालाच उत्तरदायी केले आणि डिसेंबर १९१६ मध्ये गॉसपोर्ट येथील शिक्षणपथक त्याच्या स्वाधीन केले.

गॉसपोर्टची पद्धती आज साधी वाटते, पण त्या काळी ती क्रांतीच होती. विमानात दोन आसने, दोन्हींपुढे सुकाणू. मुख्य जागेवर शिक्षक न बसता शिष्य बसे. इंजिनाच्या गदारोळातही बोलता यावे म्हणून दोघांमध्ये रबरी नळी. ती पुढे ‘गॉसपोर्टची नळी’ म्हणूनच जगभर प्रसिद्ध झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोका टाळावयास शिकविण्याऐवजी धोक्यात मुद्दाम शिरून बाहेर कसे यावे, हे शिकविणे. शिष्याकडून विमान गरगरविले जाई आणि त्याच्याकडूनच सावरले जाई. भीतीचे कारण कळले की भीती ओसरते, हे त्या शिक्षणाचे सूत्र होते. आजही कोठल्याही फ्लाइंग क्लबात शिक्षक आणि शिष्य शेजारी बसून ज्या रीतीने शिकतात, तिचे मूळ गॉसपोर्टमध्ये आहे.

परंतु गॉसपोर्टची पद्धती निरभ्र आकाशासाठी होती. ढगात काय होते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. मुरलेले वैमानिक म्हणत, विमान कलले तर शरीराला कळतेच. त्याला यंत्र कशाला हवे? ही श्रद्धा किती घातक होती, हे कळण्यासाठी आपल्या कानाची रचना पाहावी लागते. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके फिरले की हा द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला फिरण्याची वर्दी मिळते. परंतु फिरणे एकसारखे चालू राहिले की थोड्याच सेकंदांत द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि वर्दी बंद होते. फुगडी घालून एकदम थांबलेल्या मुलींना जमीन उलट्या दिशेने फिरताना दिसते, ती याच कारणाने. त्यांना डोळे असतात, पायांखाली जमीन असते. म्हणून क्षणभरात तोल सावरतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला यांपैकी काहीच नसते.

अशा वैमानिकाचे विमान हळूच एका बाजूला कलते. कल इतका मंद असतो की कानाला त्याची वार्ताच पोहोचत नाही. विमान वळू लागते, नाक खाली झुकते, वेग वाढतो. वैमानिकाला वाटते, विमान सरळच आहे, केवळ खाली चालले आहे. म्हणून तो नाक वर खेचतो. पण विमान कललेले असताना नाक खेचले तर वळण अधिकच आवळते. मळसूत्राप्रमाणे फिरत ते वेगाने खाली येते. ढगाच्या तळातून जमीन दिसते तेव्हा बहुधा वेळ संपलेली असते.

या भ्रमाचा उलगडा विमानात झाला नाही. तो एका फिरत्या खुर्चीत झाला. कानातील या इंद्रियावरील संशोधनाबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी अशी खुर्ची रोग्यांच्या परीक्षेसाठी वापरली होती. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्ड येथे अमेरिकन सैन्याचा वैमानिक विल्यम ऑकर वैद्यकीय तपासणीसाठी गेला. डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी त्याला डोळे मिटावयास सांगून त्या खुर्चीत फिरविले. खुर्चीची गती कमी होताच ऑकर म्हणाला, ‘थांबली’. ती खरोखर थांबली तेव्हा तो म्हणाला, ‘आता उलटी फिरते आहे’. डोळे उघडून पाहतो तो खुर्ची स्तब्ध! अनेक वर्षे विमान चालविलेला हा गृहस्थ हादरून गेला. मग तो एक बंद पेटी घेऊन परत आला. पेटीत भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे वळणदर्शक यंत्र आणि लहानसा दिवा होता. पेटीत डोकावून त्याने पुन्हा परीक्षा दिली, तेव्हा त्याचे प्रत्येक उत्तर अचूक आले. कान चुकत होता. सुई चुकत नव्हती.

ऑकर आणि त्याचा सहकारी कार्ल क्रेन यांनी हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. पक्ष्यांना जन्मजात दिशाज्ञान असते, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी डोळे बांधलेली कबुतरे विमानातून सोडली. ती कबुतरेही उडू शकली नाहीत. पंख पसरून तरंगत खाली आली. १९३० मध्ये ऑकरने टेक्सासपासून इलिनॉयपर्यंतचा सुमारे नऊशे मैलांचा प्रवास झाकलेल्या आसनात बसून केवळ यंत्रांच्या आधारे केला, आणि १९३२ मध्ये दोघांनी आंधळ्या उड्डाणावर पाठ्यपुस्तक लिहिले. तरीही जुन्या वैमानिकांचा विरोध मावळला नाही. सुईकडे पाहून उडणे म्हणजे आपल्या कौशल्याचा अपमान, असे त्यांना वाटे. इंद्रियांचा गर्व सोडणे हे माणसाला सर्वांत अवघड जाते.

याच सुमारास न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्डवर गुगेनहाइम निधीच्या साहाय्याने दुसरा प्रयोग चालला होता. जेम्स डूलिटल हा धाडसी वैमानिक आणि विमानविद्येचा पदवीधर पंडितही होता. पॉल कोल्समनने त्याला सूक्ष्म उंचीमापक करून दिले. स्पेरी पितापुत्रांनी कृत्रिम क्षितिज आणि भोवऱ्यावर चालणारे दिशादर्शक दिले. रेडिओचा संकेत धावपट्टीची दिशा सांगू लागला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी डूलिटलच्या आसनावर जाड कापडाचे झाकण ओढले गेले. पुढच्या आसनावर बेंजामिन केल्सी हा अधिकारी सावधगिरीसाठी बसला होता. बाहेरचे काहीही न पाहता डूलिटलने विमान उचलले, वळविले, परत आणले आणि उतरविले. सारे उड्डाण पंधरा मिनिटांचे. परंतु त्या पंधरा मिनिटांत माणसाने प्रथमच, आरंभापासून अंतापर्यंत, डोळ्यांऐवजी यंत्रांवर भिस्त ठेवून उड्डाण केले.

शोध लागला म्हणजे शिक्षण झाले असे होत नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खाजगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द करून ते काम सैन्याच्या वैमानिकांवर सोपविले. हिवाळा कडक, रात्रीची उड्डाणे, हिमवादळे. आणि सैन्याच्या वैमानिकांना यंत्राधारित उड्डाणाचा सराव जेमतेम. काही आठवड्यांत डझनभर तरुण प्राणांस मुकले आणि जूनच्या आरंभी ती सेवा थांबविण्यात आली. मग अधिकाऱ्यांना बिंगहॅम्टनच्या एका ऑर्गन बनविणाऱ्याच्या मुलाची आठवण झाली. एडविन लिंक याने बापाच्या कारखान्यातील भाते आणि हवेच्या नळ्या वापरून जमिनीवरच डोलणारे, वळणारे खोटे विमान १९२९ मध्ये तयार केले होते. त्याला गिऱ्हाइके मिळाली होती ती मुख्यतः जत्रा-करमणुकीच्या बागांची! सैन्याच्या अधिकाऱ्यांना भेटावयाचे ठरले त्या दिवशी न्यूअर्कवर दाट धुके होते. लिंक येत नाही असे समजून अधिकारी निघण्याच्या बेतात असता तो त्या धुक्यातून स्वतः विमान उतरवून हजर झाला. यापरता दुसरा पुरावा नको होता. सैन्याने सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. ढगातील मरण आता एका खोलीत, प्राण न गमावता, शिकता येऊ लागले.

आपल्याकडे या विद्येची परीक्षा घेतली ती पावसाळ्याने. १९२८ मध्ये जुहू येथे विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबई फ्लाइंग क्लब स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता, वाटेत दीपस्तंभ नव्हते. जुहूचे मैदान म्हणजे दलदलीची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. म्हणून दरवर्षी दोन विमाने आणि मूठभर माणसे असा सारा संसार पुण्यास हलवून येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून उड्डाणे करावी लागत. सह्याद्रीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या कामाची कल्पना येईल. ढगांचा तळ घाटमाथ्याच्याही खाली येतो. दरीतून पुढे जावे तर समोर कडा, वर जावे तर आंधळेपण. अशा स्थितीतही त्या सेवेने पहिल्या पूर्ण वर्षात जो वक्तशीरपणा राखला, त्याचा सरकारी विमानखात्याने मुद्दाम गौरव केला. त्यामागे धाडस होते, तसाच हवामानाचा अंदाज घेऊन थांबण्याचा संयमही होता.

हवामानाचा प्रश्न असा हळूहळू सुटत असता दुसरा प्रश्न उभा राहिला, तो गर्दीचा. आकाश अफाट आहे, तेथे कोण कोणाला धडकणार, असे प्रथम वाटे. ७ एप्रिल १९२२ रोजी हा समज फुटला. लंडनहून पॅरिसकडे जाणारे टपालाचे विमान आणि पॅरिसहून लंडनकडे येणारे उतारूंचे विमान उत्तर फ्रान्समध्ये धुरकट हवेत समोरासमोर आदळले आणि सात माणसे दगावली. दोघेही वैमानिक खालच्या एकाच रस्त्यावर नजर ठेवून चालले होते! त्यानंतर आकाशातही वाटा आखल्या गेल्या आणि बाजू राखून जाण्याचे नियम झाले. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० मध्येच नियंत्रणाचा मनोरा उभा राहिला होता. तेथील रेडिओ अधिकारी वैमानिकाला त्याचे स्थान कळवीत. संकटात सापडलेला वैमानिक आजही जी ‘मेडे’ अशी हाक मारतो, ती क्रॉयडनच्याच फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून सुचविली.

तरीही मोठी विमाने बहुतांशी ‘पाहा आणि टाळा’ या नियमावरच विसंबून राहिली. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर एकवीस हजार फूट उंचीवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळून १२८ माणसे मृत्युमुखी पडली. नियमाप्रमाणे परस्परांना पाहून टाळणे ही दोघांची जबाबदारी होती; ढगांच्या आडून जाताना पाहणे शक्य झाले नाही. त्यातून १९५८ चा कायदा आला आणि साऱ्या आकाशाचे नियंत्रण एका यंत्रणेकडे गेले. भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीजवळ ३४९ माणसांचा बळी गेल्यावर, समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

गजबजलेल्या आकाशात शिकणे म्हणजे काय, हे मुंबईइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. जुहू आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये अवघे दोनेक किलोमीटरांचे अंतर. एकीकडे क्लबाची हलकी विमाने, दुसरीकडे देशोदेशींची अवजड विमाने. जुलै १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. ते तेथून हलविण्यास कित्येक दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीच्या चार इंजिनांच्या विमानाने हीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. सराईतांची जेथे अशी फसगत होते, तेथे नवशिक्याने किती सावध राहावयास हवे! त्याने एका डोळ्याने यंत्रफलक, दुसऱ्याने आकाश पाहावयाचे. कानाने मनोऱ्याची आज्ञा ऐकून ती शब्दशः परत म्हणून दाखवावयाची. आणि मैदानाभोवतीची ठरलेली प्रदक्षिणा ठरल्या उंचीवर घालावयाची. पुढे क्लबाचे उड्डाणशिक्षण धुळ्याच्या मोकळ्या आकाशाकडे नेण्यात आले, ते यथायोग्यच झाले. परंतु मोकळ्या आकाशात शिकलेल्यालाही एक दिवस गर्दीत यावेच लागते.

या साऱ्या इतिहासाचे सार एका छोट्या प्रयोगात आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने वीस शिकाऊ वैमानिक निवडले. निरभ्र हवेत ते लहान विमान चांगले चालवीत. यंत्राधारित उड्डाणाचे शिक्षण मात्र त्यांना नव्हते. शिक्षक शेजारी ठेवून त्यांचे बाहेर पाहणे बंद करण्यात आले आणि किती वेळ विमान ताब्यात राहते ते मोजले गेले. विसांतील एकही टिकला नाही. एकोणीस जणांचे विमान मळसूत्री घसरणीत सापडले. एकाने नाक इतके वर खेचले की विमानाचा आधारच सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांस दोन सेकंद कमी. परंतु प्रयोग येथे संपला नाही. त्याच विद्यार्थ्यांना काही मोजके नियम शिकविले गेले: घाबरून सुकाणू ओढू नये, वेग आवरावा, यंत्राकडे पाहत विमान सावकाश अर्धवर्तुळात वळवावे आणि ज्या निरभ्र आकाशातून आलो तेथे परत जावे. थोड्याच तासांच्या शिक्षणानंतर त्यांचे बहुतेक सर्व प्रयत्न यशस्वी झाले.

आता उपग्रह स्थान सांगतात, पडद्यावर ढगांचे चित्र दिसते, यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी विश्वसनीय झाली आहेत. कान मात्र तोच आहे. १६ जुलै १९९९ रोजी, अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव आपले लहान विमान घेऊन धुरकट रात्री समुद्रावरून चालले होते. विमानातील यंत्रे सुस्थितीत होती. केवळ यंत्रांवर उडण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. क्षितिज हरवले, दिशाभ्रम झाला आणि तिघेजण समुद्रात बुडाले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगाने जे दाखविले होते, तेच पुन्हा घडले.

म्हणून लहान विमान शिकविणारा जाणता शिक्षक शिष्याला उडणे शिकवून थांबत नाही; न उडण्याचा निर्णयही शिकवितो. अंधारून आलेले आकाश पाहून विमान हँगरमध्येच ठेवणे, अथवा अर्ध्या वाटेवरून परत फिरणे, यात कमीपणा नाही, हे त्याला शिष्याच्या मनावर ठसवावे लागते. पार्कच्या हाती नशिबाने लागलेला उपाय, ऑकरची बंद पेटी, डूलिटलचे झाकलेले आसन, लिंकचे भाते, या सर्वांनी माणसाच्या हाती साधने दिली. त्या साधनांचा उपयोग होतो तो ‘मला वाटते’ आणि ‘सुई सांगते’ यांत विरोध आला असता सुईचे ऐकणाऱ्याला. ही नम्रता अंगी बाणविण्यासाठी पूर्वीच्या वैमानिकांनी प्राण वेचले; नव्यांना ती काही तासांच्या पाठात मिळते. तो पाठ कंटाळा न करता घ्यावा, एवढेच त्यांचे ऋण नव्या शिष्याने फेडावयाचे आहे.